वर आणि खाली, मागे आणि पुढे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात अकोला येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. शिक्षणाचे महत्त्व या विषयावर या व्यासपीठावरून आजवर इतके, आणि इतके चांगले, बोलून झाले आहे की त्यात भर घालण्याचे धाडस आमच्याने होत नाही. आम्ही आयुष्यभर वऱ्हाडातील शाळांतून इंग्रजी शिकविले. तेव्हा ज्या एका गोष्टीने आम्हांला स्वतःला ऐन उमेदीत तोंडघशी पाडले, आणि जिच्यापायी हुशार मुले अडखळताना आम्ही वर्षानुवर्षे पाहिली, तिच्याचविषयी बोलावे असे आम्ही ठरविले. गोष्ट अगदी लहान आहे. इंग्रजीत 'अप', 'डाऊन', 'इन', 'आउट', 'ओव्हर', 'अंडर', 'ऑफ', 'बॅक', 'फॉरवर्ड' असे स्थान वा दिशा दाखविणारे शब्द आहेत. ते पाचवीतल्या मुलालाही पाठ असतात. परंतु हेच शब्द एखाद्या क्रियापदाच्या शेजारी जाऊन बसले, म्हणजे असा काही अर्थ धारण करतात की पदवीधरानेही डोक्याला हात लावावा.

प्रथम आमची फजिती सांगतो. आज इतक्या वर्षांनी ती सांगण्यास संकोच वाटत नाही.

सन 1969 मधील गोष्ट. आम्ही नुकतेच पदवीधर झालो होतो. घर दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात. वडील एका अडत दुकानात जमाखर्च लिहीत. नागपूरच्या एका कचेरीतील जागेसाठी आम्ही अर्ज केला होता आणि मुलाखतीचे बोलावणे आले होते. तारीख होती 20. आठवडाभराने दुसरे पत्र आले. दोन ओळींचे, टंकलिखित, इंग्रजीत. मुलाखत दोन दिवसांनी 'ब्रॉट फॉरवर्ड' करण्यात आली आहे, एवढाच त्याचा आशय. नवी तारीख दिलेली नव्हती.

आम्ही ते वाचले, वडिलांनी वाचले. दोघांनाही शंका म्हणून आली नाही. 'फॉरवर्ड' म्हणजे पुढे, हे कोण जाणत नाही? शिवाय 'ब्रॉट फॉरवर्ड' हे शब्द वडिलांच्या तर रोजच्या ओळखीचे होते. इंग्रजी पद्धतीच्या खातेवहीत पान संपले की बेरीज पुढच्या पानावर न्यावयाची आणि त्या पानाच्या माथ्यावर हेच शब्द लिहावयाचे. आपल्या मराठी वहीत आपण 'मागील पानावरून पुढे' लिहितो तसे. तेव्हा मुलाखत दोन दिवस पुढे गेली, म्हणजे 22 तारखेस आली, असा हिशेब झाला. वडिलांनी गाडीभाड्याचे पैसे मालकाकडून उसने आणले. आम्ही त्या काळी धावत असलेल्या शकुंतलेने मूर्तिजापूर गाठले, तेथून मोठ्या गाडीने नागपूर. 22 तारखेस सकाळी दहा वाजता धुतलेला सदरा घालून कचेरीच्या दारात उभे राहिलो. शिपायाने आत जाऊन चौकशी केली आणि परत येऊन सांगितले की, मुलाखती 18 तारखेसच आटोपल्या.

इंग्रजीत एखादा कार्यक्रम 'ब्रॉट फॉरवर्ड' झाला, म्हणजे तो ठरल्या वेळेच्या अलीकडे आणला गेला असा अर्थ होतो. आपण मराठीत सभा 'पुढे ढकलली' म्हणतो ती नंतरच्या तारखेस जाते. इंग्रजीत तिलाच 'पुट ऑफ' किंवा 'पुश्ड बॅक' म्हणतात, म्हणजे शब्दशः पाहता मागे ढकलली! आपले पुढे ते त्यांचे मागे. चार दिवसांचा तो फरक आम्हांला एका नोकरीला पडला. ती मिळालीच असती असे नव्हे; परंतु दारापर्यंत वेळेवर पोचण्याचा हक्क तर होता.

पुढे आम्ही मास्तर झालो, आणि या शब्दांची आम्हांला जणू खोडच लागली. ही चूक अज्ञानाची नव्हती, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी उमजले. मनुष्य काळाकडे दोन प्रकारे पाहतो. एक तर आपण वाटसरू, आणि काळ हा रस्ता. आपण चालत चालत पुढच्या दिवसांकडे जातो. या दृष्टीने पुढे म्हणजे नंतर. दुसऱ्या दृष्टीने आपण रस्त्याच्या कडेला उभे, आणि दिवस समोरून आपल्याकडे येत आहेत. अशा वेळी एखादा दिवस 'पुढे आणला', तर तो आपल्या अधिक जवळ येतो, म्हणजे लवकर येतो. मराठीने सभा ढकलताना पहिली दृष्टी घेतली, इंग्रजीने 'ब्रॉट फॉरवर्ड' म्हणताना दुसरी.

आणि स्वतः इंग्रज-अमेरिकनांचाही येथे गोंधळ होतो बरे का! लेरा बोरोडिट्स्की आणि मायकेल रॅमस्कर या संशोधकांनी 2002 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी इंग्रजी भाषिक लोकांना विचारले की, पुढच्या बुधवारची सभा दोन दिवस 'मूव्ह्ड फॉरवर्ड' झाली, तर ती आता कोणत्या वारी? काहींनी सोमवार सांगितला, काहींनी शुक्रवार. 'ब्रॉट' ऐवजी 'मूव्ह्ड' म्हटल्याबरोबर त्यांच्याही घरात दोन तट पडले. यातील मौज अशी की, हा प्रश्न आगगाडीतील उतारूंनाही विचारण्यात आला, तेव्हा नुकताच प्रवास सुरू केलेल्या किंवा उतरण्याच्या बेतात असलेल्या उतारूंचा कल शुक्रवारकडे अधिक आढळला. अंग पुढे निघाले की मनही पुढे निघते. हे वाचले तेव्हा आम्हांला आमची मूर्तिजापूरची गाडी आठवली आणि थोडे समाधान वाटले. आपल्या देशातील लोकांनी मात्र या घोळावर एक सरळ तोड काढली. 'पोस्टपोन' आहे तर 'प्रीपोन' का नसावा, असे म्हणून त्यांनी तो शब्द घडविला. पूर्वीचे इंग्रजीचे शिक्षक त्यावर लाल शाई ओढीत. आम्हीही ओढली आहे. आज तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे. त्या पत्रात तो असता तर, असे आमच्या मनात अनेकदा येऊन गेले आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. आपल्या मुलांना हे शब्द जड का जातात? आमच्या मते याचे कारण शिकविण्याच्या रीतीत आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आमच्या कितीएक पिढ्या वाढल्या, आणि त्या पुस्तकांचे ऋण मोठे आहे. परंतु पाठमाला हाती धरून आम्हां मास्तरांनी जे केले ते असे : 'अप' म्हणजे वर, 'डाऊन' म्हणजे खाली, 'इन' म्हणजे आत, अशा जोड्या फळ्यावर लिहून दिल्या आणि त्या घोकून घेतल्या. मुलाच्या मनात एक शिडी उभी राहिली. मग 'गिव्ह अप' आले की तो वर काही तरी देऊ लागतो, आणि 'लुक आफ्टर' आले की मागे वळून पाहतो. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे आणि 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, हे कळल्यावर तो खट्टू होतो. इंग्रजी भाषेला शेंडाबुडखा नाही, असा त्याचा समज होतो आणि तो पाठांतराच्या वाटेला लागतो.

वस्तुतः असा शेंडाबुडखा नसण्याचा मान एकट्या इंग्रजीला देण्याचे कारण नाही. आपण आपल्या बोलण्याकडे परक्याच्या कानाने कधी ऐकतच नाही. आपण 'कोकणात' जातो, पण 'देशावर' येतो. गडी 'शेतात' राबतो, आणि मालक 'शेतावर' चक्कर मारतो, शेत तेच. मुलगा 'शाळेत' असतो, बाप 'कामावर' असतो, आई 'माहेरी' गेलेली असते. यांपैकी कोण कशाच्या वर आणि कोण कशाच्या आत आहे, हे एखाद्या इंग्रजाने आम्हांस विचारले तर आम्ही काय उत्तर देऊ? आमचे अध्यक्ष महाराज या क्षणी आमच्याच रांगेत बसलेले आहेत. तरी उद्याच्या वृत्तांतात ही सभा त्यांच्या अध्यक्षते'खाली' झाली असेच छापून येईल. हा 'खाली' बहुधा इंग्रजी 'अंडर'च्या सावलीत मराठीत आला असावा. 'देखरेखीखाली' आणि 'नेतृत्वाखाली' ही त्याचीच भावंडे. एकदा घरात आला तो घरचाच झाला.

फार दूर जावयास नको. आपल्या वऱ्हाडचेच पाहा. गाविलगडचे डोंगर आणि अजिंठ्याची रांग यांच्या मधला पूर्णा नदीचा सखल मुलूख तो पयानघाट. दक्षिणेकडील उंचवटा तो बालाघाट. फारसीत 'पाईन' म्हणजे खालचा आणि 'बाला' म्हणजे वरचा. बुलढाण्याकडे सोयरीक जुळविताना आजही विचारतात, पाहुणे घाटावरचे की घाटाखालचे? तेथे वर-खाली हे निव्वळ जमिनीच्या उंचीचे नाही. माती, पीक, पाणी, बोलण्याची ढब, सारे त्या दोन शब्दांत येते. स्थानाचा शब्द स्थान सोडून माणसांबद्दल बोलू लागतो तो असा.

तीच कथा आगगाडीची. अकोला आणि बडनेरा या स्थानकांवर मुंबईकडे जाणारी गाडी 'अप' आणि नागपूरकडे जाणारी 'डाऊन'. आता अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे 280 मीटर उंच, अमरावती सुमारे 340 मीटर, आणि मुंबई समुद्राच्या काठी. म्हणजे जी गाडी उतरत उतरत समुद्राकडे जाते ती 'अप' कशी? याचे कारण ही उंची भूगोलाची नव्हे, मानाची आहे. इंग्लंडात लंडनकडे जाणारी गाडी 'अप' समजली जाई. तीच रीत इकडे आली, आणि लंडनच्या जागी मुंबई बसली. आपणही खालच्या कोर्टात हरलो की 'वरच्या' कोर्टात जातो, आणि ते कोर्ट तळमजल्यावर असले तरी आपली हरकत नसते. गंमत अशी की, आपल्या भागाने या दोन शब्दांचे एक स्वतःचेच क्रियापद करून टाकले. अमरावतीस बिऱ्हाड आणि अकोल्यास नोकरी असलेला मनुष्य रोज 'अप-डाऊन' करतो. आमच्या शाळेत अर्धे शिक्षक अप-डाऊनचे होते. हा शब्द या अर्थाने लंडनला कोणी समजणार नाही; तेथे 'अप अँड डाऊन' चालणे म्हणजे येरझाऱ्या घालणे. पण मूर्तिजापूरच्या फलाटावर त्यावाचून चालावयाचे नाही. इंग्रजी शब्दाला आपण वाक्प्रचार करू शकतो, तर त्यांचा वाक्प्रचार आपल्याला समजणार नाही असे थोडेच आहे!

आता जी गोष्ट आम्ही मुख्यत्वे सांगावयास उभे राहिलो ती सांगतो. इंग्रजी जे काम या लहान शब्दांकडून करून घेते, ते मराठी दुसऱ्या एका क्रियापदाकडून करून घेते.

मुलगा भाकर 'खातो' आणि भाकर 'खाऊन टाकतो' यांत भेद आहे. 'टाकणे' येथे फेकण्याच्या अर्थी नाही. काम पुरते उरकले, शिल्लक काही उरले नाही, असे ते सांगते. नेमके हेच काम इंग्रजीत 'अप' करतो. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे, 'यूज अप' म्हणजे संपवून टाकणे, 'टेअर अप' म्हणजे फाडून टाकणे. तेथे वर-बीर काही नाही. पुस्तक शेवटच्या पानापर्यंत 'वाचून काढले', तर इंग्रज 'रीड थ्रू' म्हणेल. दुखण्यातून मनुष्य 'निभावून गेला', तर तो 'पुल्ड थ्रू'. नको ते 'बोलून बसलो', तर 'ब्लर्टेड आउट'. आणि झाडाचे उदाहरण तर आम्ही वर्गात नेहमी देत असू. बाभूळ आधी 'कट डाऊन' करतात, मग तीच 'कट अप' करतात. शिडीच्या हिशेबाने हे वेड्याचे काम. मराठीत म्हणाल तर आधी तोडून पाडली, मग तिचे तुकडे करून टाकले. हे एकदा मुलांच्या ध्यानात आले म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला आम्ही पाहिला आहे. त्यांना नवे काही शिकावयाचे नसते. जे घरी आजीच्या तोंडून ऐकले, त्याचाच दुसरा वेष ओळखावयाचा असतो.

ज्यांना थोडे संस्कृत आले आहे त्यांना तर दुसरीही वाट मोकळी आहे. संस्कृतात 'ईक्ष्' म्हणजे पाहणे. त्याच्या आधी 'परि', म्हणजे सभोवार, लावले की परीक्षा झाली. चारी बाजूंनी पाहणे. 'प्रति' लावले की प्रतीक्षा. एखाद्याच्या वाटेकडे डोळे लावणे. 'सम्' लावले की समीक्षा, 'निर्' लावले की निरीक्षण. आणि 'उप', म्हणजे जवळ, लावले की उपेक्षा! जवळून पाहण्याचा अर्थ दुर्लक्ष कसा झाला, हे ज्याने निमूटपणे मान्य केले, त्याने 'ओव्हरलुक' म्हणजे दुर्लक्ष करणे यावर का रुसावे? इंग्रज 'लुक' या एकाच क्रियापदाभोवती हेच करतो. 'लुक फॉर' म्हणजे शोधणे, 'लुक इन्टू' म्हणजे चौकशी करणे, 'लुक फॉरवर्ड टू' म्हणजे उत्सुकतेने वाट पाहणे, 'लुक अप टू' म्हणजे आदराने पाहणे, 'लुक डाऊन अपॉन' म्हणजे तुच्छ लेखणे. आपल्या उपसर्गाने धातूच्या पुढे बसावे आणि त्यांच्या अव्ययाने मागे बसावे, एवढाच फरक. खेड्यापाड्यांत बांधकाम खात्याचा ओव्हरसियर सर्वांना ठाऊक असे. 'ओव्हरसी' म्हणजे देखरेख करणे आणि 'ओव्हरलुक' म्हणजे डोळेझाक करणे. दोन्ही शब्दांत वरून पाहणेच आहे, अर्थ मात्र एकमेकांच्या उलट. काही ओव्हरसियर ही दोन्ही कामे एकाच रस्त्यावर करीत, ते असो.

पुष्कळ वाक्प्रचार तर असे आहेत की दोन्ही भाषांनी जणू ठरवून एकच चित्र काढले आहे. पोरगा 'हाताबाहेर' गेला, तर इंग्रजीतही तो 'आउट ऑफ हँड' जातो. व्याख्यान 'डोक्यावरून' गेले, तर तेथेही ते 'ओव्हर द हेड' जाते; आता समोर बसलेल्यांपैकी किती जणांचे तसे होत आहे ते आम्ही विचारीत नाही. निर्णय 'अधांतरी' राहिला, तर तो 'अप इन दि एअर'. मनुष्य काळाच्या मागे पडला, तर 'बिहाइंड द टाइम्स'. एखाद्याच्या 'पाठीमागे' बोलणे ही खोड जगात सगळीकडेच आहे, म्हणून 'बिहाइंड वन्स बॅक' हाही शब्द आहे. संसारात 'चढउतार' असतात, त्यांना ते 'अप्स अँड डाउन्स' म्हणतात. आणि कापसाच्या भावाबद्दल तर काही सांगावयासच नको. अकोल्याच्या बाजारात भाव 'चढतो', 'उतरतो' आणि 'पडतो'. लिव्हरपूलच्या जुन्या कापूस बाजारातही तो 'अप', 'डाऊन' असाच होत असे. ढीग वाढला की उंच दिसतो, हे अनुभवाचे ज्ञान सर्व मनुष्यजातीला सारखेच असल्यामुळे हे साम्य आले असावे.

या साम्याच्या भरवशावर मात्र फार विसंबू नये, हे आमच्या 22 तारखेने आम्हांला शिकविले. फसवे सोबती येथेही आहेत. 'अंडर द वेदर' याचा हवेशी संबंध नाही; प्रकृती जरा नरम आहे एवढाच त्याचा अर्थ. 'बिसाइड वनसेल्फ' म्हणजे स्वतःच्या शेजारी बसणे नव्हे, तर राग वा दुःख यांनी भान हरपणे. 'अबव्ह बोर्ड' म्हणजे लपवाछपवी नसलेला व्यवहार. पत्ते खेळताना हात मेजाच्या वर, सर्वांना दिसतील असे ठेवण्यावरून तो आला. 'बाय अँड लार्ज' म्हणजे एकंदरीत पाहता. ही शिडाच्या जहाजांवरील खलाशांची भाषा, वाऱ्याच्या तोंडावर आणि वाऱ्याच्या ओघात अशा दोन्ही तऱ्हांनी जहाज हाकण्याची. ज्या वऱ्हाडात समुद्र नाही, तेथील मुलाने हे तर्काने ओळखावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तेथे विचारावे, कोश पाहावा, आणि लाज बाळगू नये.

'पास्ड आउट' या शब्दाचे मात्र सांगून ठेवतो, कारण आपली मुले आता परदेशी जातात. आपल्याकडे महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेला तो 'पास आउट'. इंग्लंड-अमेरिकेत हाच शब्द साधारणपणे बेशुद्ध पडलेल्यास लावतात. आमचा एक विद्यार्थी तिकडील मुलाखतीत मोठ्या अभिमानाने सांगून आला की, आपण अमरावतीस अमुक साली 'पास आउट' झालो. समोरच्यांनी त्याच्या प्रकृतीची विचारपूस केली! नोकरी मात्र त्यास मिळाली.

मग हे शिकावे कसे? बाजारात पाचशे वाक्प्रचारांची पुस्तके मिळतात. ती विकत घेऊ नयेत असे आम्ही म्हणत नाही, पण ती पाठ करणे व्यर्थ आहे. आम्ही वर्गात एक साधी वही ठेवावयास लावीत असू. उजव्या पानावर इंग्रजी वाक्य, सबंध वाक्य, नुसता वाक्प्रचार नव्हे; आणि डाव्या पानावर त्याच प्रसंगी आपल्या घरी काय म्हणतील ते, पुस्तकी मराठीत नव्हे तर घरच्या बोलीत. 'फाडून टाकलं', 'हाताबाहेर गेला पोट्टा', 'सारं डोक्यावरून गेलं ना बाप्पा'. वऱ्हाडी बोली लिहिण्यास मुले प्रथम लाजत. आम्ही सांगत असू की, ज्याला आपल्या बोलीतली खोच ठाऊक, त्यालाच दुसऱ्याची खोच कळते. दिवसाला दोन वाक्ये झाली तरी पुष्कळ. एका आठवड्यास एकच क्रियापद घ्यावे. 'लुक' घेतले तर 'लुक', 'पुट' घेतले तर 'पुट'. ज्या वाक्प्रचाराला मराठीत जोड सापडत नाही त्याच्यापुढे लाल टिंब द्यावे, आणि जो उलटा चालतो त्याच्यापुढे दोन. 'ब्रॉट फॉरवर्ड'पुढे आमच्या स्वतःच्या वहीत तीन टिंबे आहेत.

ही रीत मुलांपेक्षा मुलींनी अधिक चिकाटीने पाळली, हे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. त्यांच्या वह्यांची डावी पाने वाचण्यासारखी असत. कारण त्या घरातल्या बायकांचे बोलणे ऐकत, आणि वाक्प्रचारांची खरी कोठी माजघरात असते.

पालकांच्या मनात येईल की, आता हा खटाटोप हवा कशाला? 2000 साली राज्याच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा तर तालुक्याच्या गावीही झाल्या. हे खरे. परंतु बँकेच्या व स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले आमच्याकडे अजूनही शंका घेऊन येतात, आणि त्यांची अडचण बहुधा या लहान शब्दांच्या रिकाम्या जागांपाशीच असते. माध्यम कोणतेही असो. मोठे, अवघड शब्द त्यांना येतात. 'इन' की 'ऑन', 'अप' की 'आउट', येथे हात थांबतो. इंग्रजी माध्यमाच्या मुलांची अडचण तर अधिक अवघड, कारण त्यांच्या वहीचे डावे पान कोरे असते.

इंग्रजीची भीती ही या प्रांताची परंपरा नव्हे. 1897 साली राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन सी. शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखाली (पाहा, हा 'खाली' पुन्हा आला!) अमरावतीस भरले. लोकमान्यांचे निकटचे सहकारी, अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे अनेक वर्षे इंग्रजीत दैनंदिनी लिहीत; 1911-12 मधील त्यांच्या शिर्डीच्या मुक्कामाची पाने पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहेत. ती मोठ्या शब्दांची नाहीत. उठणे, बसणे, बाहेर जाणे, परत येणे, कोण आले, कोण गेले, अशा रोजच्या गोष्टींची ती आहेत, आणि रोजच्या गोष्टी लिहिण्यासाठीच हे लहान शब्द लागतात. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे 1898 साली शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख एडिंबरो आणि ऑक्सफर्ड येथे शिकले, आणि ऑक्सफर्डला त्यांनी प्रबंध लिहिला तो वैदिक वाङ्मयातील धर्मावर. पापळची भाषा, वेदांची भाषा आणि ऑक्सफर्डची भाषा या तिन्ही त्यांच्या ठायी सुखाने नांदल्या.

आता एकच घरगुती गोष्ट सांगून आपली रजा घेतो. नागपूरचे ते दोन ओळींचे पत्र वडिलांनी फेकले नव्हते. त्यांच्या मागे त्यांच्या खातेवह्या चाळताना ते आम्हांला सापडले. पाठकोऱ्या बाजूस त्यांच्या हातचा हिशेब होता. 20 मध्ये 2 मिळवून 22, आणि खाली गाडीभाड्याचा आकडा, 'उसने' असा शेरा मारून. गेल्या दिवाळीत आमचा नातू घरी आला असता आम्ही ते पत्र त्याच्यापुढे ठेवले आणि तारीख विचारली. त्याने क्षणभरही न थांबता 18 सांगितली. "प्रीपोन केलंय, आजोबा." आम्हांला फार आनंद झाला. मग आम्ही त्याला विचारले की, त्या दिवशी कचेरीच्या दारात आमचे मन अधांतरी झाले म्हणजे काय झाले, सांग पाहू? तो बराच वेळ आमच्या तोंडाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "अधांतरी म्हणजे?"

आम्ही वही काढली. डावे पान भरता भरता दिवेलागण झाली.